आकडा

टोपली आधी बादलीवर ठेव, फियाक्रा.
तिला टेकायला बूड नाही,
माझ्या धाकट्या दिरासारखीच आहे ती.
मग शेवाळ, हिरवी बाजू बाहेर.
रोपाची मुळं कागदात गुंडाळ
आणि तारांमधून आत सरकव, अलगद,
रात्री उशिरा कडी न वाजवता
घरात शिरतात ना, तशी.

लोबेलिया खाली. वर जिरेनियम,
त्याला डोक्यावरच बसायचं असतं.

मे सरल्याशिवाय टांगायची नाही.
पोस्टातल्या डिम्फ्नानं एकदा घाई केली,
एका रात्रीत सगळी काळीठिक्कर.

आणि पाऊस पडला तरी पाणी घालायचं.
हसतोस काय? माहीत आहे,
या गावात पावसाखेरीज काही पडत नाही.
पण पानांची छत्री होते रे,
रस्ता वाहतो आणि आत माती कोरडी ठाक.
तळहात खालून लाव, उचलून बघ.
हलकी लागली
तर विचारत बसू नकोस.

अठ्ठावीस आहेत, चर्चपासून पुलापर्यंत.
बँक बंद झाली त्याला दोन वर्षं झाली.
आतले आकडे गेले,
भिंतीतला आकडा राहिला.
मी तिथंही टांगते.
कुणासाठी म्हणजे? बस तिथंच थांबते.

गेल्या साली त्याच टोपलीला
महिनाभर पाणी घातलं नाही मी.
फुशियाच्या बुंध्याशी रॉबिननं घर केलं होतं,
पाच अंडी, करंगळीच्या पेराएवढी.
मी झारी घेऊन खालून जायची,
वर न बघता,
उधारी थकलेल्या दुकानावरून जावं तशी.

मग परीक्षक आले डब्लिनहून, दोघं, वह्या घेऊन.
वाळक्या वेली बघून एकानं काहीतरी लिहिलं.
समितीचा मालाकी माझ्याकडे बघत राहिला.
मी गप्प.
सांगितलं असतं तर
शिडी लावून बघितलं असतं त्यांनी.

दोन गुण गेले.
चार पिल्लं गुरुवारी उडाली,
पाचवं अंडं तसंच राहिलं.
मालाकी तेव्हापासून माझ्याशी
फक्त हवापाण्याचं बोलतो.
म्हणजे इथल्या मानानं पुष्कळच.

चल, शिडी धर. दोन्ही हातांनी.
ती पहिली, बँकेवरची.
आणि ओतण्याआधी
जरा कान लाव.