उंडेल

आचऱ्याच्या खाडीवर, नारळी पुनवेच्या आठवडाभर आधी
बाबल काकांच्या नडगीवर वाकस घसरली.
दिवाळी गेली, जखम तशीच.
कडा पांढऱ्या, मध्ये ओलं, साखर अडीचशेच्या वर.
काकी रोज रात्री उंडेल कोमट करून कापसाने लावते.
काका म्हणतात,
"होडयेच्या सांद्यात ह्याच तेल घालतंव,
पाणी शिरणा नाय. माज्या पायात कित्याक शिरात?"

मी त्यांची पुतणी. रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर
त्याच उंडीच्या बियांतून काढलेली
पिवळसर भुकटी विरघळवते, चिमटीभरही नाही.
बशीत पेशी, एकीला एक लागून:
रक्तवाहिनीचं आतलं अस्तर,
कुणा अनोळखी बाईच्या बाळंतपणात
कापून टाकलेल्या नाळेतलं.
ते मूल एव्हाना शाळेत जात असेल.

पिपेटच्या टोकाने मी सरळ रेघ ओढते.
ही माझी जखम. हिला रक्त नाही,
कुणाला दुखत नाही,
तरी दर वेळी हात जरा थांबतो.

शून्य तास. सहा. बारा.
दोन्ही कडांच्या पेशी सरकू लागतात,
रापणीच्या दोन टोकांची माणसं
ओढता ओढता एकमेकांकडे येतात तशा.
चोविसाव्या तासाला मधली वाळू दिसत नाही.

हे थोड्या मात्रेचं.
दहापट केली तर गोल होऊन तळ सोडतात,
तरंगतात, जाळ्यातून सुटलेल्या मेल्या तारल्या.
आणि जेलीवर ज्यांनी नव्या वाहिन्यांची जाळी विणायची,
त्या मधल्या मात्रेलाच
चार गाठी मारून बसून राहिल्या.
जे फट बुजवतं तेच वाट अडवतं?
की माझंच मोजमाप चुकलं?
त्या रात्री वीजही दोनदा गेली होती.
वहीत लिहिलं: पुन्हा करणे.

शनिवारी घरी. काकीने वाटी खाली ठेवली.
"तुज्या मशिनीन काय सांगल्यान?"
बशीत साखर नव्हती, काकी.
बशी दिवसभर चिखलात उभी राहत नव्हती.
उघड्या मांसावर तेल नको. मालवणला चला,
डॉक्टर साफ करतील, इन्शुलिन लिहून देतील.

काका काही बोलले नाहीत.
उरलेलं उंडेल नव्या होडीच्या फळीवर ओतलं,
तळव्याने चोळलं, सावकाश, पार टोकापर्यंत.
मग पाय रिक्षात उचलून ठेवायला
आम्ही दोघी लागलो.

उंडीखाली वटवाघळांनी टाकलेल्या बिया होत्या.
पाच-सहा वेचल्या.
त्रिंबकच्या वळणावर पर्समध्ये वाजत होत्या.