या

विसाभाई मिस्त्रींनी शटरमधून उरलेली फळी दिली,
हात-दीड हात, एका कडेला गाठ.
म्हणाले, बेन, नेमप्लेट तर रावपुऱ्यात तयार मिळते,
पितळी, स्क्रूसकट.
मी म्हटलं, नाव नाही लिहायचं.

नाव बावीस वर्षं लिहून झालं होतं
दुसऱ्याच्या नावाखाली.
दांडिया बाजार, दुसरा मजला,
द्वारा: अनुभाई शहा.
विम्याची नोटीस, नणंदेच्या राखीचं पाकीट,
सगळ्यावर आधी द्वारा, मग आम्ही.
अट एकच, भिंतीला खिळा मारायचा नाही.
भाडं वाढवताना अनुभाई ओशाळायचे,
पण खिळ्याचं नाव काढलं
की चष्मा काढून पुसत बसायचे.
म्हणून कॅलेंडर खिडकीच्या गजाला,
सासऱ्यांचा फोटो कपाटावर टेकून,
आणि आरसा खुर्चीत.
कोणी आलं की आधी आरशाला उठवायचं.

आता गोत्री. तिसरा मजला, लिफ्ट अजून चालू नाही.
गॅलरीत जुना गुजराती पेपर पसरून
मी फळी घासते आहे.
जयवंत म्हणतात, सुस्वागतम् लिही.
ते मंगल कार्यालयाचं वाटतं.
भले पधार्या?
ते फरसाणवाल्याचं.
पुण्याहून लेक फोनवर, आई, वेलकम लिही ना सरळ.
वेलकम तर पायपुसण्यावर असतं, बाई.

मग आठवलं, बेल वाजली की
पदराला हात पुसत
मी इतकी वर्षं काय म्हणत आले ते.
एवढंच. एका अक्षराचं आमंत्रण.

सहा नंबरचा ब्रश, मोरपिशी ऑइलपेंट.
य चं पोट जरा भरलंच,
काना गाठीवर अडखळला, तसाच ठेवला.

समोरच्या फ्लॅटमधला ध्रुविल, दुसरीतला,
मुठीत खारी शिंग घेऊन आला, वाचलं.
या...
या शुं?
अधूरुं छे, आन्टी.

माझ्या ब्रशवरचा थेंब
पेपरातल्या शेअरबाजारावर पडला.
खरंच की. त्याच्या भाषेत
माझं दार नुसतं 'किंवा' म्हणून थांबलं होतं.
किंवा दांडिया बाजार.
किंवा ते गाव, ज्याचं आम्ही आडनाव लावतो
आणि घरातल्या कोणीच पाहिलेलं नाही.
किंवा पुणे, जिथून लेक दर रविवारी म्हणते
आता इकडेच या.
किंवा हे,
पंधरा वर्षांचे हप्ते, नळाला गढूळ पाणी,
आणि समोर एक पोरगं, पुढचा शब्द मागणारं.

जयवंत म्हणाले, पूर्णविराम दे, म्हणजे कळेल.
नाही दिला.
लाकडी पट्टी धरून वरची रेघ ओढली, एका दमात.
आ लीटी शेनी? ध्रुविल म्हणाला.
त्याच्या अक्षरांना असली रेघ नसते.
कपडां सूकववा?
हो, मी म्हटलं. कपडे वाळत घालायला.

रविवारी खिळा. आयुष्यातला पहिला, आपला.
तो वाकला. दुसरा बसला.
उंबऱ्यावर चिमूटभर प्लॅस्टर सांडलं,
ते मी संध्याकाळपर्यंत झाडलं नाही.

पाचच्या सुमाराला अनुभाई आले,
ऐंशी पार, प्रत्येक मजल्यावर एकदा थांबत,
हातात लीला चेवड्याचा पुडा.
पाटीसमोर उभे राहिले. वाचलं,
माझ्यासारखंच, शेवटचा स्वर जरा लांबवून.
बावीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं होतं त्यांनी.
मग नजर वर खिळ्यावर गेली.
चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.
बराबर बेठो छे, म्हणाले.

आणि तसेच उभे, चपला न काढता,
जणू पाटीचं आणि माझं म्हणणं वेगळं असू शकेल.
तेव्हा मी तोंडानेही म्हटलं,
आणि आत जाऊन
खुर्चीतल्या आरशाला उठवलं.