दीर्घ उकार

महापे एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्याला लागून
आमचा छापखाना.
रात्री अकराला पानं येतात माझ्या टेबलावर.
एकोणतीस वर्षं एकच काम:
मजकूर खरा असो, खोटा असो,
शुद्ध असला पाहिजे.

त्या रात्री पहिल्या पानावर
हेमांगी मढवी, घणसोली गाव, वय चौतीस.
फोटो लग्नातला, नवऱ्याचा खांदा कापून टाकलेला.
वर आठ कॉलम, लाल पट्टी:
‘रोज रात्री कुणाला लिहिते ही? कोण हा मयुर?’

खाली चौकटीत तिचे मेसेज.
जेवलास का.
आज निवट्या मिळाल्या, तुझ्या वाटच्या ठेवल्यात.
कधी येशील रे. कडी लावत नाही मी.

फोन तिने वाशीला एका गाळ्यात
काच बदलायला दिला होता.
काचेचे सातशे.
मेसेजचे किती, ते उबाळे सांगत नाही,
पाय टेबलावर टाकून नवे बूट दाखवतो.

तिने काय केलं होतं? सही.
खाडीतल्या भरावाविरुद्ध अर्जावर पहिली सही तिची.
कांदळवन कुठे संपतं आणि शेठचा टॉवर कुठे सुरू होतो,
ते कोर्ट नकाशावर बोट ठेवून विचारत होतं.

शेठ आमच्या मजल्यावर कधी येत नाहीत.
संपादक फोनवर बोलता बोलता उभे राहिले
की आम्ही ओळखतो.

मी पेन उचललं.
मयुर नाही. मयूर.
ऱ्हस्व खोडला, दीर्घ केला, समासात खूण केली
आणि हात तिथेच राहिला.
हा उकार मी पूर्वी एकदा दुरुस्त केला होता.

दोन वर्षांपूर्वी, पान अकरा, छोट्या जाहिराती.
मयूर बाळाराम तांडेल, वय सव्वीस.
होडी संध्याकाळी मिळाली, तो तिसऱ्या दिवशी.
शोकाकुल: बहीण हेमांगी.
साडेतीनशे रुपये, फोटोसकट.
पावती आमच्याच हिशेबात असेल.

वर गेलो. म्हटलं, साहेब, हा तिचा भाऊ.
वारलाय. आपणच छापलं होतं.
ते उभेच होते. फोनवर तळवा दाबून म्हणाले,
प्लेट गेली ना?
अजून नाही.
मग गेली असं समज.

मी खाली आलो.
तसंच समजलो.

पुढचं गावात सगळ्यांना माहीत आहे.
बालवाडीतून तिला घरी बसवलं.
अर्जावरच्या एकवीस सह्यांपैकी
चार उरल्या. त्यांतली एक तिची.

अठराव्या दिवशी ती ऑफिसात आली,
वकिलाचं पत्र दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
मला पाठवलं भेटायला,
पिकल्या केसांचा माणूस समोर बरा दिसतो म्हणून.
मी वाट बघत होतो तिच्या ओरडण्याची.
ती म्हणाली,
त्याचं नाव असं कुणी लिहिलं?
होडीवर ऱ्हस्व आहे.
सातवीत होता, स्वतः रंगवलेलं त्याने.
बाबा म्हणाले चुकलंय, तर म्हणाला,
होडीला काय कळतंय.

हसली का ती? मला नीट बघवलं नाही.

खुलासा आला पान नऊवर, राशिभविष्याच्या खाली.
चार ओळी. ‘अनवधानाने’ हा शब्द दोनदा.
त्याच दिवशी पहिलं पान अख्खं टॉवरचं:
खाडीचं दृश्य प्रत्येक खिडकीतून.
ते मीच तपासलं. एक चूक नाही.

खुलाशात मशीनने टाकलं होतं मयूर.
मी पेन उचललं,
दीर्घ खोडला, ऱ्हस्व केला,
समासात खूण, खाली आद्याक्षरं.

सकाळी वहीत नोंद झाली होती.
पान नऊ, ओळ दोन. पगारातून पन्नास रुपये.
कारणाच्या रकान्यात: अशुद्ध.
मी सही केली.