समाविष्ट नाही

बोंद्रेकाकूंनी खुर्ची पुढे ओढली,
"इंटरलाकेनला सकाळी गारठा कितपत असतो गं?"
मी म्हटलं, दोन स्वेटर ठेवा,
आणि खोली मागच्या बाजूची दिली तर घेऊ नका,
तिकडे रेल्वेचं यार्ड आहे, झोप लागत नाही.
"तू राहिली होतीस का तिथे?"
मी हसले.
हसणं आमच्याकडे पॅकेजमध्ये धरलेलंच असतं.

मी राहते भांडुपला, टेंभीपाड्यात, चढावरच्या गल्लीत.
मागच्या भिंतीला टाकी आहे,
रात्री साडेतीनला पाणी सोडतात की जाग येते.
हेही मी कुणालाही नेमकं सांगू शकते,
पण ते कुणी बुक करत नाही.

हातात येतात तेवीस हजार आठशे.
नऊ खोलीचे, पाच गावी आईला,
नऊशे लाईटबिल, दीड हजार जाण्यायेण्यात,
डाळ-तांदूळ-गॅस काटकसरीनं एक्कावन्नशे,
दोन हजार भिशी, कारण भिशी नाही तर पुढचं डिपॉझिट नाही.
उरतात तीनशे.
सवयीनं मी युरोत करून बघते.
काकूंना मीच बजावलंय, तिकडे स्वच्छतागृहाला एक युरो लागतो,
सुटे जवळ ठेवा.
म्हणजे माझी महिन्याची शिल्लक
तीन वेळा.

मनहरभाई वाईट नाहीत.
दुपारी डब्यातला अर्धा ठेपला माझ्याकडे सरकवतात,
पाचनंतर स्वतःच्या केबिनचा एसी बंद करतात.
"एअरलाईन कमिशन देत नाही, लोक मोबाईलवर तिकीट काढतात,
मी कुठून वाढवू, सुलक्षणा?"
खरंच आहे ते.
दिवाळीला आठशे वाढवले.
घरमालकानं हजार.

सहा वर्षांपूर्वी त्यांनीच पासपोर्ट काढायला लावला,
बँकॉकची फुकट ट्रिप आली होती ऑफिसला,
ऐन वेळी त्यांचा साडू गेला.
पासपोर्ट मी वाया जाऊ दिला नाही.
गॅस, सिमकार्ड, बँक, सगळीकडे त्यानंच माझी ओळख पटवली.
आतली पानं कोरी,
शेवटच्या पानावर कांजूरच्या खोलीचा पत्ता,
दोन खोल्यांपूर्वीचा.
परवा ब्रोकर म्हणाला, "मॅडम, हा चालणार नाही,
यावर तुम्ही राहताय तिथे तुम्ही राहत नाही."

बोंद्रेकाका शेवटच्या दिवशी आले. "दोन हजार सोड, बाळ,
शेजारचा सोडतोय."
त्या फाईलवर मला पंधराशे मिळणार होते.
मी सोडले.
मग त्यांचा विमा भरला, सतरा दिवसांचा,
तिकडे साधा पाय मुरगळला तरी हेलिकॉप्टर येईल असा.
गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता.
अकरा दिवसांचा पगार कापला गेला,
हेलिकॉप्टरचा प्रश्नच नव्हता, शेजारची शांताबाई
पपईच्या पानांचा रस घेऊन यायची.

अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा
ऑफिसच्या प्रिंटरवर मी माझाही कार्यक्रम छापला,
त्यांच्यासारखाच, निळ्या मथळ्याचा:
दिवस पहिला. सकाळी सातला टेम्पोनं प्रस्थान.
गाढव नाक्यावर चहासाठी थांबा, स्वखर्चानं.
नंतर सोनापूरकडे रवाना, मुक्काम अकरा महिने.
खोली: पत्र्याची. नजारा: समोरच्यांची मोरी.
समाविष्ट: एक नळ, एक खुंटी, सामायिक संडास.
समाविष्ट नाही: ब्रोकरेज, आजारपण, वाढदिवस,
आणि वर लिहिलेलं नाही ते सगळं.

रविवारी टेम्पोत पुढे बसले, मांडीवर तुळशीची कुंडी,
मागे कपाट प्रत्येक खड्ड्याला दार उघडत होतं.
दहाच्या सुमाराला मोबाईल वाजला.
काकूंचा फोटो. बाल्कनी, मागे निळं-पांढरं काहीतरी,
केस विस्कटलेले, काका अर्धेच आलेले.
"खोली पुढची मिळाली गं! तू सांगितलंस तस्संच आहे सगळं,
तंतोतंत!"

सिग्नल सुटेपर्यंत मी फोटो मोठा करून बघितला.
मग एका हातानं कुंडी सांभाळत टाईप केलं,
स्वेटर घातलेला दिसत नाहीये, काकू.