गळ

तारली तीन दिवस काही खाईना.
ओठाच्या कोपऱ्यातून तंगुसाचा बोटभर तुकडा लोंबत होता.
ओढायला गेलो तर अशी ओरडली
की शेजारच्या घरातले दिवे लागले.

सरकारी दवाखान्यात खुर्ची होती, खुर्चीवर टॉवेल होता.
डॉक्टर संगमेश्वराला, म्हशींच्या लसीकरणाला.
शिपाई म्हणाला, हायवेला ते काचेचं झालंय ना नवीन, तिकडे न्या.

काचेच्या आत थंडी.
मी मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात कारकून,
थंडीचा भाव मला लादीवर पाठ आहे.
पण ह्या थंडीला कॉफीचा वास होता
आणि खाली कुठे पाणी ठिबकत नव्हतं.

पेशंटचं नाव? तारली.
आडनाव? मांजराला कुठलं आडनाव.
सिस्टिम पुढे जात नाही, सर.
मग ती तारली पाटणकर झाली
आणि मी, अठ्ठावन्नाव्या वर्षी,
'तारलीचे पप्पा, आत या.'

एक्स-रेत गळ स्वच्छ दिसला,
घशाखाली, पहिल्या उकारासारखा,
अक्षर सुटून गेलेला.
मला वाटलं, दिसला, आता काढतील.
पण मग रक्त, मग पुन्हा रक्त,
कारण पहिलं मशीनला आवडलं नाही.
दर कागदावर सही, दर सहीआधी गोड आवाजात
'तिच्यासाठी एवढं तर कराल ना?'
ह्याला आमच्याकडे गळ घालणं म्हणतात.

डॉक्टर पोरगी लांज्याची, सव्वीस-सत्तावीसची.
कॅमेऱ्याकडे पाठ करून हळूच म्हणाली,
काका, सोनोग्राफीला नाही म्हणा.
मी नाही म्हणालो.
तिने लिहिलं : पालकांनी नकार दिला.
त्याखालीही माझी सही आहे.

एकूण एकेचाळीस हजार दोनशे.
तारलीचं वजन तीन किलो शंभर.
हाताची सवय जात नाही,
बिलाच्या पाठीवरच भागाकार केला :
किलोला तेरा हजार दोनशे नव्वद.
ऐन टंचाईतसुद्धा ह्या भावाने पापलेट कुणी विकलं नाही.

पतपेढीतून परत येतो तर दारात रेहानाबी.
जेटीवर तिच्याच टोपलीपाशी बसते तारली,
तांबोशीचं डोकं मिळेपर्यंत.
'गळ माझ्या माशातला हाय. अर्धे माझे.'
नको म्हणालो. तिने ऐकलं नाही.
अर्धे नव्हते, साडेचार हजार होते, ओलसर.

काउंटरवरच्या मुलीने त्या नोटा कडेने धरल्या,
मोजल्या,
आणि सॅनिटायझरची बाटली दोनदा दाबली.
एकेचाळीस हजारांचा आला नव्हता
तेवढा राग मला तेव्हा आला.

आधीचं सगळं बरं होतं असंही नाही.
आमच्या चिनूला एका डॉक्टरांनी पाच रुपयांची पुडी दिली होती,
'वाचला तर वाचला' म्हणाले,
पैसे घेतले नाहीत.
चिनू नाही वाचला.

तारली वाचली. हे आधी लिहायला हवं होतं,
लोक तेवढंच विचारतात.
हात चांगला त्या पोरीचा,
टाके मुंग्यांच्या रांगेसारखे.
जाताना सांगायचं होतं तिला, पण ती दिसली नाही,
आणि दुसऱ्या खेपेला तिच्या खोलीवर दुसरं नाव होतं.

गळ त्यांनी डबीत घालून दिला.
डबीवर दवाखान्याचं नाव, सोनेरी.
बिलाच्या तिसऱ्या पानावर डबीचे साठ रुपये.

काल मोबाइलवर निरोप :
तारली पाटणकर हिचा वार्षिक आरोग्य प्लॅन,
आज घेतल्यास सूट.
पुसायला अंगठा नेला आणि तसाच ठेवला.
उद्या पुन्हा काही गिळलंन तर?

खाली जेटीवर ती बसलेली असते, शेपूट गुंडाळून.
रेहानाबी हल्ली एकेक मासा उचलते,
आधी त्याच्या तोंडात बोट घालून बघते,
मग डोकं तोडते.