मूळ ठिकाण

दिवसभर हिद्दच्या प्रकल्पात मी समुद्रातून मीठ काढायचो,
आणि रात्री मुहर्रकला, तिसऱ्या मजल्यावर,
बादलीभर गोड्या पाण्यात मोजून मीठ घालायचो.
पस्तीस. चौतीस नाही, छत्तीस नाही.
हेमलता फोनवर म्हणायची,
तुम्हाला पगार नेमका कशाचा देतात हो?

टाकी चार फुटी. तिच्यात
रोडेलने जाताना दिलेला अंगठ्याएवढा तुकडा,
अंगाने शेवाळी, टोकांना जांभळा.
रोडेलची नोकरी एका गुरुवारी गेली.
त्याला तो दिला होता कुणा लंकेच्या परेराने,
परेराला कुणी, ते परेराच जाणे.
गाठ मारलेली पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात तुकडा,
एवढंच ते खानदान.

सात वर्षांत त्याचं झुडूप झालं.
मी त्याला नाव दिलं नाही;
हेमलताने मात्र नावं ठेवली, वीजबिल ऐकून.
ऑगस्टात वीज गेली की मी बर्फाच्या बाटल्या सोडायचो टाकीत,
आणि बाहेर समुद्र पेजेसारखा कढत.
तिथलं पोवळं पांढरं पडत चाललंय, असं
प्रकल्पातले पाणबुडे सांगायचे
जेवताना, भाकरीकडे बघत.

परतायचं ठरलं तेव्हा कुन्हिमोन दुकानदार म्हणाला,
साहेब, कागद आहे का?
दगडी पोवळ्याला कागद लागतो, सीमा ओलांडायची तर,
जिवंत असो की मेलेलं.
आणि तुमच्या-आमच्या देशात तर त्याला
वाघाच्या पंगतीत बसवलंय.

खिडकीमागे बुदूर नावाची बाई. अर्ज एक पानी.
जात. संख्या. मूळ ठिकाण.
मूळ ठिकाण?
रोडेल, मी म्हणालो.
तिने पेन खाली ठेवलं.
हा कुठला समुद्र?

मी परेरापर्यंत गेलो. पुढे पाणी खोल होतं.
एकच तुकडा आहे, म्हणालो, घरात वाढवलेला,
समुद्राला ठाऊकही नाही.
ती रागावली नाही. म्हणाली,
प्रत्येक जण एकच तुकडा नेतो.

माझा हात टेबलावर होता.
अनामिकेत पोवळं, चांदीत बसवलेलं,
मंगळ शांत व्हावा म्हणून, लग्न जमेना म्हणून,
आईने गुहागरच्या सोनाराकडून आणलेलं एका मंगळवारी.
कुठल्या समुद्रातलं, सोनारालाही माहीत नसेल.
सतरा वर्षं ते माझ्याबरोबर विमानात चढलं, उतरलं,
त्याला कुणी कागद विचारला नाही.
बाईंची नजर तिथे गेली, की मलाच तसं वाटलं.
मी खडा तळहाताच्या बाजूला फिरवला.

बाहेर आलो. कुणावर चिडावं ते सुचेना.
नियम बरोबर होता.
मी चुकलो होतो तर नेमका कधी?
त्या गुरुवारी, पिशवी हातात घेताना?
नाही म्हणालो असतो तर रोडेल ती
मोरीत ओतणार होता.

शेवटच्या रात्री बादली मांडीवर, टॅक्सीत.
चालक पेशावरचा, त्याने काही न विचारता
गतिरोधकांवर गाडी हळू घेतली.
कुन्हिमोनने तुकडा दर्शनी टाकीत ठेवला,
काचेवर चिठ्ठी लावली, विकायचा नाही.
विकला नाही तर चालेल कदाचित, म्हणाला.
कदाचित दोनदा म्हणाला.

आता गुहागरला रात्री अकराला जाग येते.
टाकीतलं पाणी रोज दोन तांबे उडून जायचं,
मीठ कुठे जात नाही, उडतं ते पाणी,
म्हणून रोज तेवढं गोडं घालावं लागायचं.
अंगठी काढलेली नाही. खडा अजून आतल्या बाजूलाच,
जेवताना भाताची शितं चिकटतात त्याला.

उठतो. तांब्या भरतो.
अंधारात थोडा वेळ उभा राहतो,
मग पिऊन टाकतो.