पेव

हरिपुरात माझा बाप पेवात उतरायचा.
आधी कंदील.
दोरीला बांधून हळूहळू खाली सोडायचा,
दहा फूट, पंधरा, वीस,
आम्ही पोरं काठावर पालथी पडून वात बघायचो.
वात फडफडून विझली
की बाप म्हणायचा, "आज न्हाई. उघडं राहू दे."
झाकण सारलेलं तसंच ठेवून घरी यायचा.
रात्रभर पेव आभाळाकडं आ करून पडायचं,
वारा आत जायचा आपल्या गतीनं.
घाई केलेली दोन माणसं
त्यानं दोरीनं वर काढली होती, गार झालेली.

मी उतरलो नाही. मी तोलारी झालो.
सांगलीच्या यार्डात हळदीच्या काट्यापाशी
अठ्ठावीस वर्षं.
रविवारी मिरजेच्या देवळात मागचा बाक,
नखांत पिवळं,
आणि त्याच बोटांत प्रभुभोजनाची भाकर.
पाळक न्यायाच्या दिवसावर बोलायला लागले
की माझं डोकं धंद्यात शिरायचं:
देवाचा काटा कुठल्या बनावटीचा असेल,
त्याचं पासिंग कोण करत असेल,
आणि गुडघा त्याला ओळखता येत असेल का.

हो, गुडघा. लिहूनच टाकतो.
पोतं लटकलं की खालून एवढासा आधार,
काटा अर्ध्या किलोनं हलका.
पेढीवरून संध्याकाळी पाकीट यायचं,
त्यात माझ्या थोरल्याची फी गेली,
देवळाच्या पत्र्याची वर्गणीसुद्धा.
दुधगावच्या रत्नाक्का मगदूमची हळद
दर मोसमाला माझ्याच काट्यावर.
"तोल बाबा," म्हणायची
आणि पाठ फिरवून टेम्पोवाल्याशी बोलत राहायची.

मग महापूर आला.
पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली,
वास महिनाभर कपड्यांतून जाईना.
कुणी म्हणालं, हा देवाचा न्याय.
मी गप्प बसलो.
त्यानं बापाची पेवं कशाला बुडवावीत?
गुडघा तर माझा होता.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री
झोप लागेना.
वाटलं, छातीवरचं झाकण कुणी तरी सारतंय.
कंदील खाली येतोय.
दहा फूट. पंधरा.
विझला.
मला वाटलं, आता हा निघून जाणार,
आणि खरं सांगतो, बरंच वाटलं असतं.
तो काठावर बसून राहिला.
पहाटे कोंबडा आरवला तेव्हाही तिथंच होता.

ईस्टरनंतरच्या सोमवारी दुधगावला गेलो.
जक्कयासारखं चौपट नव्हतं माझ्याजवळ,
दुप्पट होतं, तेही सोसायटीतून उचललेलं.
रत्नाक्का ओसरीवर बेणं निवडत होती.
मी सगळं सांगितलं, गुडघ्यासकट.
तिनं हातातला गड्डा मोडून पाहिला,
आतला रंग बघितला, बाजूला ठेवला.
"ठाऊक हाय की रं मला.
घरनंच अर्धा किलो जादा भरायची मी पोत्यात."

उन्हात बसलो होतो, तरी अंगावर काटा आला.
मी चोरायच्या आधीच
माझी चोरी कुणी तरी
पदरची भरून आणत होतं,
दर मोसमाला,
पाठ फिरवून.
कुठल्या प्रवचनानं मला इतकं उघडं केलं नव्हतं.

पैसे मात्र तिनं घेतले. थुंकी लावून दोनदा मोजले.
निघताना फडक्यात हळद बांधून दिली,
ओंजळीनं,
न तोलता.

आता काटा पोराच्या हातात आहे, इलेक्ट्रॉनिक.
मी दुपारी नदीच्या घाटावर जातो.
कंदील हल्ली बारा-तेरा फुटांपर्यंत जळतो.
काल नातीवर हात उगारला, लगेच विझला.
खाली अजून काय काय पडलंय मला माहीत नाही,
त्याला असावं.
दोरी हलते कधीकधी.